पॅकिंगच्या बाया का उठल्या नाहीत

निवृत्तीनंतर मी गावोगावच्या कारखान्यांत एक गोष्ट सांगत फिरलो. ती गोष्ट खोटी आहे. तिच्यातलं एकेक वाक्य सुटं करून तपासलं तर खरं निघेल, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली.

गोष्ट अशी. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत एक सूतगिरणी होती. तिच्या कचरा-खोलीत आग लागली. भोंगा वाजला. सगळे कामगार शिकवल्याप्रमाणे यंत्रं बंद करून बाहेर पडले. पॅकिंग खात्यातली एक बाई मात्र जागची उठली नाही. ती खात्यातली सर्वांत जुनी, म्हणून तिच्याकडे बघून बाकीच्याही बसून राहिल्या. धूर आत शिरला. बाकीच्या कशाबशा निघाल्या. तिच्या छातीत धूर गेला आणि ती जन्माची अधू झाली. म्हणून, बंधूंनो आणि भगिनींनो, भोंग्याकडे कधीही दुर्लक्ष करू नका.

त्या गिरणीत मी सुरक्षा अधिकारी होतो. नंतर अमरावती-अकोल्याकडच्या कापसाच्या जिनिंगांत, दाल मिलांत, ऑइल मिलांत कामगारांच्या प्रशिक्षणाला मला बोलावत. नियम सांगताना जांभया देणारी माणसं ही गोष्ट सुरू झाली की ताठ बसायची. शेवटी कुठे थांबायचं, कुणाच्या डोळ्यांत बघायचं, हे मला सरावानं जमून गेलं होतं. प्रशिक्षण झाल्यावर मालक म्हणायचे, "साहेब, तुमची ती बाईची गोष्ट म्हणजे एक नंबर."

आता खरं काय झालं ते लिहितो.

गिरणीत आगीची रंगीत तालीम घ्यावी लागे. कामगार तिला डिरील म्हणत. भोंगा वाजला की सगळ्यांनी काम सोडून फाटकाजवळच्या निंबाखाली जमायचं, प्रत्येक खात्याच्या मुकादमानं आपली माणसं मोजून हात वर करायचा, सगळे हात वर झाले की मी "सगळे बाहेर" असं ओरडायचं आणि मग सगळ्यांना कचोरी. व्यवस्थापकांना ही तालीम म्हणजे दाढदुखी. थांबलेली यंत्रं पुन्हा लयीत येईपर्यंत धागे तुटत राहतात, आणि मालकाचा फोन तेवढ्यातच येतो. त्यात पॅकिंगचं दुखणं वेगळं. सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले शंकू, खोक्यांत भरायला या बाया, आणि बाहेर गाडी लागलेली. पहिल्याच तालमीच्या आधी व्यवस्थापक मला म्हणाले, "पॅकिंग सोडून घ्या. त्या बाया एकदा बाहेर गेल्या की लवकर परत येत नाहीत. एकीला पाणी प्यायचं असतं, दुसरीची चप्पल सापडत नाही."

मी म्हणालो, "साहेब, तालीम सगळ्यांची असते."

"सगळ्यांचीच आहे. पॅकिंग सोडून."

मी हसलो. नोकरी नवी होती, घरी मुलीचं लग्न ठरत होतं, ही कारणं मी बरीच वर्षं स्वतःला पुरवली. खरं कारण एवढंच की त्या क्षणी ती फारशी मोठी गोष्ट वाटली नाही. एक खातं आत राहिलं तर काय होतं? तालीमच तर आहे.

मग मी स्वतः पॅकिंगमध्ये गेलो. भाषणात मी शुद्ध बोलायचो, खात्यात गेलो की आपल्या बोलीत यायचो; बायांना पटकन कळतं म्हणून. म्हणालो, "आता भोंगा वाजन. तुमी उठू नका. तुमचं काम चालू ठेवा. तुमची डिरील नाही."

भोंगा वाजला. निंबाखाली माणसं गोळा झाली. पाहतो तर त्यांच्यात पॅकिंगची ती बाई, गोष्टीतली, उभी. एकटीच आली होती, हाताला पॅकिंगची चिकटपट्टी लागलेली.

"काय व बाई, तुले सांगतलं होतं ना, उठू नको म्हणून?"

"भोंगा वाजला, साहेब. मंग उठली."

"भोंगा तुमच्यासाठी नव्हता."

"मंग भोंग्याले सांगा ना तसं. त्याले काय मालूम, कोनाले बोलवाचं अन् कोनाले नाई."

सगळे हसले. व्यवस्थापकही हसले, आणि मला वाटलं ते मला हसले. मी तिला सगळ्यांसमोर परत आत पाठवलं. मधलं अंगण मोठं होतं. ती एकटी चालत गेली तेव्हा मागून स्पिनिंगमधला कुणीतरी ओरडला, "माय, कचोरी तं घेऊन जाय!" मी त्याला गप्प केलं नाही.

त्यानंतर पॅकिंगमधलं कुणी कधी उठलं नाही. तालमीच्या आधी मी दर वेळी जाऊन आठवण द्यायचो, आणि भोंगा वाजत असताना त्यांचे हात खोक्यांवर चालत राहायचे. सगळ्या गिरणीला मी उठायला शिकवलं आणि एका खात्याला बसायला. दोन्ही शिकवण्या चोख झाल्या.

आग लागली ती भरदुपारी. कचरा-खोलीत वाया गेलेल्या कापसाचे गठ्ठे होते. कापूस पेटतो तेव्हा ज्वाळा कमी आणि धूर फार. पॅकिंग आणि कचरा-खोली यांच्या मध्ये पत्र्याचा पडदा, आणि तो वर छतापर्यंत नेलेला नव्हता. भोंगा वाजला, मी धावत निंबाखाली पोचलो. खात्याखात्याच्या मुकादमांनी हात वर केले. पॅकिंगचा मुकादम तिथे नव्हता; तो गाडीबरोबर वजनकाट्यावर गेला होता. पण तो निंबाखाली कधीच नसायचा, त्यामुळे त्याचा हात नाही याचं कुणालाही काही वाटलं नाही. मलाही नाही. मी ओरडलो, "सगळे बाहेर!"

आग विझवणारे ते ऐकून, आत कुणी नाही असं धरून, पाणी घेऊन मागच्या बाजूला गेले.

आत काय झालं ते मला नंतर त्या खात्यातल्या एका मुलीनं सांगितलं. धुराचा वास आला तेव्हा ती म्हणाली, "बाई, जळल्यावानी वास येऊन राहिला." त्यावर ती बाई म्हणाली, "थांब व. डिरील असन. साहेब सांगाले विसरले असन. येतीन आता." त्या माझी वाट बघत बसल्या. मी दर वेळी जात होतो ना. मग डोळे झोंबायला लागले तेव्हा उठल्या, तर नेहमीच्या दारापुढे खोकी रचलेली. दुसरी वाट कोणती, हे त्यांना कुणी कधी चालवून दाखवलं नव्हतं. गाडीच्या दाराकडून एकेक जण खोकत बाहेर आली. ती शेवटी, दोघांनी ओढून आणलेली.

कुणी मेलं नाही. हे वाक्य आम्ही त्या दिवसांत इतक्यांदा म्हटलं की शेवटी ते कौतुकासारखं ऐकू यायला लागलं.

चौकशी झाली. मला विचारलं, "पॅकिंग विभाग बाहेर का पडला नाही?" व्यवस्थापक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, प्रशिक्षण दिलेलं होतं. भोंगा त्या खात्यात स्पष्ट ऐकू येतो. ती सर्वांत जुनी कामगार, ती बसून राहिली म्हणून बाकीच्या बसल्या. यातलं काय खोटं आहे? बाकीच्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमी बाईकडं पाहून बसलो." तेही खरं. ती कुणाकडे पाहून बसली हे कुणी विचारलं नाही, आणि ज्याला ठाऊक होतं तो खुर्चीत बसून पाणी पीत होता. ती तेव्हा दवाखान्यात होती, नाकावर ऑक्सिजन.

निष्काळजीपणा तिचा ठरला. कापसाची धूळ तिला पुन्हा सोसणार नव्हती, म्हणून तिचं काम सुटलं. आणि पुढच्या प्रशिक्षणात नव्या कामगारांसमोर उदाहरण द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा ती गोष्ट बाहेर पडली.

ही गोष्ट मी आयुष्याच्या शेवटापर्यंत सांगत राहिलो असतो. पण या उन्हाळ्याच्या तोंडाशी अकोल्याच्या एका दाल मिलनं सुरक्षा सप्ताहाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. नारळ फुटला, शाल मिळाली, फलकासमोर फोटो निघाले. ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ती माणसं मागे तुरीच्या पोत्यांवर बसली होती, आणि त्यांचा जेवणाचा वेळ त्यात चालला होता. प्रशिक्षण देणारा तरुण माझ्याच हाताखाली शिकलेला. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवत दाखवत शेवटी ती गोष्ट काढली.

"आणि सगळे बाहेर धावत असताना ती बाई काय करत होती? मोबाईलवर बोलत होती!"

पडद्यावर एक बाई. कानाला मोबाईल, मागे ज्वाळा. पोत्यांवर हशा पिकला. बायांच्या घोळक्यात कुणीतरी कुणाला तरी कोपरानं ढोसलं.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे मोबाईलचं कुठून आणलंस?"

"सर, लोकांना जवळचं वाटतं ना. आजकाल सगळीकडे मोबाईलचाच त्रास आहे. तुमची गोष्ट थोडी ताजी केली."

"अरे, पण तिच्याकडे मोबाईल नव्हता!"

"लोकांना कुठे माहीत आहे, सर?"

"तू सरळ खोटं सांगतोयस."

तो गोंधळला. मनापासून गोंधळला. "एवढं एक सोडलं तर बाकी सगळं तुमचंच आहे, सर."

माझा चढलेला आवाज तिथेच बसला. एका मोबाईलवरून मी त्याला झापत होतो.

चहा सुरू झाला तेव्हा त्या मिलच्या पॅकिंगमधली एक बाई जवळ आली. तोंडाला बांधलेला रुमाल खाली ओढला. भुवयांवर डाळीची पिवळी भुकटी.

"साहेब, तुमी नांदगाव पेठच्या गिरणीत होते ना?"

"होतो."

"थे बाई माही सासू होय."

ती बोलत राहिली, हळू, पण भरभर, कारण मागून कुणीतरी बघत होतं.

"त्यायले आजबी मोबाईल लावता येत नाही. मीच नंबर लावून देतो. मागच्या साली ही गोष्ट इथं पयल्यांदा सांगतली, तवा मीच येड्यावानी बोलली, हे तं माह्या सासूच्या गिरणीतलं. तवापासून मले मोबाईलवालीची सून म्हणतेत. गंमत गंमत म्हणून मी घरी सांगतलं. त्यायनं जेवणाचं ताट सारलं, साहेब. अन् आता मले पॅकिंगची मुकादमीण करून राहिले होते, तं कोनीतरी सायबाच्या कानात टाकलं, जिची सासू भोंग्याले उठली नाई तिले काय मुकादमीण करता."

मग म्हणाली, "त्यायले भेटून जा. त्या तुमालेच शिव्या देऊन राहिल्या."

गिरणी सुटल्यावर ते कुटुंब अकोल्याला आलं होतं, मुलाच्या शिवणकामाच्या दुकानामुळे. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेलो. ऑटोवाल्यानं एका बोळाच्या तोंडाशी सोडलं, "पुढं गाडी जात नाई, काका," म्हणाला. ती दारातच बाजेवर बसली होती. मला वाटलं होतं ओळख द्यावी लागेल.

"या साहेब. आता कोनती डिरील हाय?"

मी बाजूच्या स्टुलावर बसलो. वाटेत जुळवून आणलेलं बोललो. माझं चुकलं, माफ करा, असंच काहीसं. दोन वाक्यं झाल्यावर तिनं हात हलवला. तिला बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे तिचं बोलणं तोडताही येत नाही.

"थे माफी तुमच्यापाशीच ठुवा. मले एक सांगा. पयल्या बारीले मी उठली होती का नव्हती?"

"उठल्या होत्या."

"मले वापस कोनं पाठवलं?"

"मी."

"मंग थे काहून सांगत नाई तुमी? गोष्ट सांगाची तं पुरी सांगा ना. अर्धीच सांगून कचोऱ्या खाऊन राहिले."

यानंतर तिनं माझ्यावर बरंच काही टाकलं. नांदगाव पेठेतलं घर विकावं लागलं ते माझ्यामुळे, मुलाचं दुकान चालत नाही ते माझ्यामुळे, आणि नातीला गणित येत नाही त्यातही कुठेतरी माझा हात होता. काही माझं होतं, काही नव्हतं. कुठली वाटणी मागायची सोय मला नव्हती. शेवटी मी म्हणालो, "बाई, तुम्ही सांगाल ते करतो."

"मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच हाय. जिथं सांगतलं तिथं जाऊन सांगा."

"फार ठिकाणी सांगितलंय."

"मंग लवकर सुरू करा. तुमचंबी वय झालं."

आत सून हसली. तिनं चहा आणला, तोही बाईनं फिका म्हणून परत पाठवला.

मला वाटलं होतं कबूल करणं अवघड असतं. ते झालं. अवघड निघालं ते कबुली ऐकून घ्यायला कुणीतरी मिळणं.

त्या तरुणाला फोन केला. म्हणाला, "सर, मोबाईल काढतो. पण गोष्ट काढली तर प्रशिक्षणात उरतं काय? तीच एक लोकांच्या लक्षात राहते." मी त्याला खरी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "पण सर, ही तर मॅनेजमेंटच्या विरोधात जाते. ही कोण सांगू देणार?" त्याला बोलावणारा, त्याला पैसे देणारा व्यवस्थापक. त्याचं बरोबर होतं, आणि त्याचं बरोबर आहे याचाच मला संताप आला.

दाल मिलच्या व्यवस्थापकाला फोन केला. ते अदबीनं बोलले. "सर, तुम्ही मोठे आहात. पण सप्ताह झाला आता. पुढच्या वर्षी नक्की." मी म्हणालो, पुढच्या वर्षापर्यंत तुमच्याकडची एक बाई मोबाईलवालीची सून राहील. त्यावर ते म्हणाले, "असं चेष्टेत चालतं हो लोकांचं." पुन्हा केला तेव्हा, "हंगाम चालू आहे." पुन्हा केला तेव्हा, "दुसऱ्या कंपनीचं जुनं प्रकरण आमच्या फाटकावर कशाला?" बायको म्हणाली, "रोज फोनवर भांडता, त्यापेक्षा जाऊन या एकदाचे."

गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर करत बस अकोल्याला पोचेपर्यंत काय बोलायचं ते चार वेळा बदललं. फाटकावर पहारेकऱ्यानं मला पाहुण्याचं पिवळं हेल्मेट घालायला लावलं आणि खुर्चीत बसवून ठेवलं. माझ्यासमोरून कामगार बोडक्या डोक्यानं आत जात होते. मी म्हणालो, "यांना?" तो म्हणाला, "थे रोजचेच हायेत, काका. त्यायले काय होते?" आयुष्यभर मी ज्या वाक्याशी भांडायचा पगार घेतला, ते हेच वाक्य.

दुपारची पाळी सुरू होण्याआधी व्यवस्थापक बाहेर आले. मी हलत नाही हे पाहून म्हणाले, "पाच मिनिटं, सर. आणि नकारात्मक काही नको."

फाटकाच्या आत माणसं उभी होती, डबे हातात. सून घोळक्यात मागे. मी भाषणाच्या भाषेत सुरुवात केली आणि ती माझीच मला ऐकवेना. मग आपल्या बोलीत सांगितलं. तुमाले जे बाईचं सांगतलं थे खोटं होय. तिच्यापाशी मोबाईल नव्हता. तिले भोंग्याले उठू नको असं मी सांगतलं होतं. तरीबी पयल्या बारीले थे उठली होती, अन् मी तिले साऱ्या गिरणीपुढं वापस पाठवलं. आग लागली तवा थे माही वाट पाहून राहिली होती, अन् मी बाहेर उभा राहून सगळे बाहेर आले म्हनून ओरडून राहिलो होतो.

या वेळी कुठे थांबायचं ते मला कळलं नाही. बोलणं नुसतं संपलं.

मग पुढची एक म्हातारी मागे वळून सुनेला म्हणाली, "का व, तुही सासू तं उठली होती!"

"मंग? मी काय सांगून राहिली होती तुमाले?" सून म्हणाली. आवाज चढाच होता.

तेवढ्यात पॅकिंगमधली दुसरी एक बोलली, माझ्याकडे बघून. "साहेब, मंग आमीबी तं डिरीलले आतच असतो. गाडी लागली असते म्हनतेत. आमाले दुसरं दार कोनतं थेबी मालूम नाही."

मी व्यवस्थापकांकडे पाहिलं.

"तो वेगळा विषय आहे," ते म्हणाले.

"तोच विषय आहे," मी म्हणालो. "एवढा एकच विषय आहे."

"सर, पाच मिनिटं झाली. चला, चला, कामाला लागा." आणि मला फाटकापर्यंत सोडताना हळू आवाजात, "पुढच्या तालमीत पॅकिंगचं बघतो. शब्द देतो." हेल्मेट माझ्या डोक्यावरच राहिलं होतं, पहारेकऱ्यानं मागून हाक मारून काढून घेतलं.

काही आठवडे बरे गेले. मी बाकीच्या ठिकाणी फोन करत होतो. एका जिनिंगवाल्यांनी ऐकून घेतलं. एका ऑइल मिलवाल्यांनी विचारलं की यासाठी मानधन किती. बाकीच्यांना मी कोण हेच आठवत नव्हतं, गोष्ट मात्र सगळ्यांना आठवत होती.

आज संध्याकाळी फोन आला. सुनेचा.

"साहेब, आज डिरील झाली. सकाळी सुपरवायझर येऊन सांगून गेला, पॅकिंगनं उठाचं नाही, गाडी भराची हाय. भोंगा वाजला. आमी उठलो."

"सगळ्या?"

"साऱ्या कुठच्या? अर्ध्या उठल्या. अर्ध्या आमाले ओढून राहिल्या, बस व, बस व, म्हनून. आमी बाहेर जाऊन उभ्या राहिलो. तं व्यवस्थापक साहेब म्हने, तुमाले कोनं बोलावलं? मी म्हटलं, भोंग्यानं."

"मग?" मी विचारलं.

"आमाले वापस पाठवलं. उठल्या त्यायची अर्धी हजेरी कापली. अन् मुकादमीण त्या दुसरीले केलं, जे बसली होती तिले."

मग फोनवर खोकल्याचा आवाज आला. सासूनं फोन घेतला होता. दम लागत होता, पण आवाजात वेगळंच काहीतरी होतं, ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"माही सून उठली, साहेब. आयकलं?"

"ऐकलं."

"मंग आता तुमी काय करता थे सांगा."

मी म्हणालो, व्यवस्थापकांना फोन लावतो. ती म्हणाली, थे उचलत नाहीत, आमी लावून पाहिला. त्या तरुणाला विचारतो म्हणालो. त्यावर ती नुसती खोकली. मग मी म्हणालो, कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी असतात, त्यांच्याकडे जातो. ते विचारतील, तुमचा काय संबंध. त्यांना नांदगाव पेठेपासून सगळं सांगावं लागेल, माझ्या नावासकट. तेव्हाच्या चौकशीत मी काय बोललो होतो तेही. लेखी द्यावं लागेल.

"मंग द्या."

"आणि ज्या उठल्या त्यांना माझ्याबरोबर यावं लागेल. सुनेचं कामही जाऊ शकतं, बाई."

पलीकडे दोघी आपसात काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. मग सुनेचा आवाज आला, "येतो आमी. तिघी-चौघी तं येतोच."

"सकाळच्या गाडीनं निघतो," मी म्हणालो.

फोन पुन्हा सासूकडे गेला. "गाडीत बसल्यावर फोन करा," ती म्हणाली. "नाई तं तुमी म्हनान येतो, अन् आमी आपल्या वाट पाहत बसू."